ताडकळसची नाववाली

कुठलीही वस्तू हातात आली की अंबिका आधी तिच्यावरची अक्षरं शोधायची. पातेलं असो, पाना असो, नाहीतर एसटीच्या सीटची पत्र्याची पट्टी असो, ती उलटीपालटी करून कुठं काय कोरलंय ते बघायची. सासूबाई कमलबाईंनी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या बुचकळ्यात पडल्या.

"अगं, मडकं ठोकून बगत्यात तसं काय बगायलीस? नवाकोरा तवा हाय त्यो."

"तव्यावर नंबर टोचलाय आत्या. पर वाकडा टोचलाय."

"मग? भाकर वाकडी व्हते का?"

अंबिका हसली. तिला हसायला फारसं काही लागत नसे. पुढचा एक दात किंचित आडवा होता, त्यामुळे ती हसली की समोरच्यालाही हसू यायचं.

माहेर तिचं बोरीचं. घरात चुलत बहिणींचा नुसता बाजार भरलेला. ताट कुणाचं, तांब्या कुणाचा, काही पत्ता नसायचा. एकदा अंबिकानं खिळा घेऊन आपल्या ताटाच्या बुडावर 'अं' ओरखडला आणि आईचा चांगला मार खाल्ला. लग्नानंतर ती योगीराजबरोबर चाकणला गेली. तो बेअरिंगच्या एका कारखान्यात स्टोअरला होता. पुढं तिलाही तिथंच काम लागलं, तेही लेझर मार्किंगच्या मशीनवर. बेअरिंगचं गोल कडं समोर ठेवायचं, वरच्या भिंगाची उंची जुळवायची, लाल उजेडाची बारीक चौकट कड्यावर नेमकी कुठं पडते ते बघायचं आणि पायाखालचं पेडल दाबायचं. किर्र असा आवाज, ठिणग्यांची एक रेघ, जरासा जळका वास, की स्टीलवर नंबर उमटला. शाई नाही की ठोकाठोकी नाही. पुसला तर पुसत नाही, तेलात बुडवला तरी जात नाही. पहिल्याच दिवशी तिनं पदरानं ते कडं घासघासून पाहिलं आणि मनाशी म्हणाली, हे आपलं काम.

बरीच वर्षं ती त्या मशीनवर होती. कुठल्या धातूला किती तेज लागतं, पितळ कसं हट्टी असतं, बीडाचं लोखंड कसं काळंभोर अक्षर घेतं, काळ्या प्लास्टिकवर अक्षर कसं पांढरं उमटतं, हे सगळं तिच्या अंगवळणी पडलं. तिथले सुपरवायझर एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे. मालावर चुकीचा नंबर पडला आणि उद्या कुठं गाडी बिघडली, तर ज्यानं काही केलं नाही तोच पकडला जाईल. अंबिकानं ते कायमचं मनावर घेतलं होतं.

सासरे गेले, कमलबाई एकट्या पडल्या, तेव्हा दोघं ताडकळसला परत आले. त्याच सुमारास कारखान्यात नवी मशीनं आली आणि जुनी विकायला काढली. अंबिकानं आपलं मशीन सोडलं नाही, विकत घेतलं. लोक गावी येताना फ्रीज आणतात, कपाट आणतात. हिनं गादीत गुंडाळून लेझरचं मशीन आणलं. टेम्पोतून ते उतरवताना कमलबाईंनी त्याला हळदकुंकू लावलं, पण तोंडानं म्हणाल्या, "ह्याचं दूध निगतं का काय ते बगू."

रस्त्याला लागून पत्र्याचं शेड होतं. तिथं मशीन बसलं. परभणीच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्याकडून फवारणी पंपाचे पितळी नोझल यायला लागले. त्यावर मापाचा आकडा घालायचा. तेवढ्यावर मशीनचं पोट भरायचं. बाकी गावचं काम. लग्नसराईत आहेराची भांडी, दवाखान्याच्या दाराची पाटी, कुणाच्या गाडीची किल्ली. सुरुवातीला देवनागरीनं तिला लय छळलं. मशीनच्या कॉम्प्युटरला मराठी धड कळत नसे. 'शिवाजी' लिहिलं की वेलांटी भलतीकडंच जाऊन उभी राहायची. मग तिनं अक्षरांचं आधी चित्र करून ते मशीनला द्यायची युक्ती काढली, तेव्हा कुठं वेलांट्या ताळ्यावर आल्या.

गिऱ्हाईकही नाना तऱ्हेचं. कुणी बैलाचं जू घेऊन आला. "लाकूड ह्या मशीनला कळत न्हाई मामा," तिनं सांगितलं. कुणी पाण्याचा पीव्हीसी पाइप आणला, तर तिनं त्याला हात लावू दिला नाही. त्याचा धूर विषारी असतो. गिऱ्हाईक चिडलं, पण अंबिका हलली नाही. गावानं तिला नाव ठेवलं, नाववाली. कुणाला अंबिकाकडं जायचं असेल तर तो म्हणायचा, "नाववालीकडं जाऊन येतो."

तिच्या शेडासमोरून जाणाऱ्या गाडीवाटेवर भुजंग आणि सिताराम यांची शेतं होती. बांधाला बांध, विहिरीला लागून विहीर. भुजंग नात्यानं तिचा चुलत सासरा, पण सितारामची बायको पार्वतीबाई हीच गावातली तिची पहिली मैत्रीण. वयानं आईएवढी, पण मैत्रीणच. दुपारी कामं उरकली की पार्वतीबाई शेडात येऊन पाटावर बसायची, शेंगा फोडायची, आणि दोघी जगभरच्या गप्पा मारायच्या.

भुजंग आणि सिताराम हे शाळेपासूनचे जोडीदार. तरुणपणी दोघांकडं एकेकच बैल होता, म्हणून सावड करून पेरायचे. आज तुझं रान, उद्या माझं. पुढं दोघांची परिस्थिती सुधारली, विहिरींना पाणी लागलं, हळद आली. मोटारी घ्यायच्या ठरल्या तेव्हा दोघं एकाच दिवशी परभणीला गेले आणि एकाच दुकानातून एकाच कंपनीच्या दोन पाणबुडी मोटारी घेऊन एकाच टेम्पोतून आले. स्टीलच्या गोल, लांबट मोटारी, जुळ्या पोरांसारख्या. एकाची बिघडली की दुसरा दोर धरायला हजर. एकमेकांना ते आयुष्यभर भुजंग्या आणि सित्या असंच म्हणत आले होते.

त्या हिवाळ्यात शिवारात मोटारींच्या चोऱ्या सुरू झाल्या. आज या रानातली, परवा त्या रानातली. भुजंग आणि सितारामच्या मोटारी एकदमच गेल्या. गहू ओंबीवर येत होता, हळदीला पाणी हवं होतं. दोघंही मोकळ्या विहिरीत डोकावून परत आले आणि भुजंगच्या ओट्यावर एकमेकांशेजारी बसले. बायकांनी चहा केला तो दोघांनी गार करून प्यायला.

महिन्याभरानं पालमच्या बाजूला काही मोटारी सापडल्या. पोलिसांनी गावोगाव निरोप धाडले. हे दोघं एकाच मोटारसायकलवर गेले. ठाण्यात ढीग पडलेला. चोरांनी नंबर कानशीनं खरवडून टाकले होते, वरून काळा रंग मारला होता. त्या ढिगात त्यांच्या जातीची मोटार एकच होती.

"ही माझी," भुजंग म्हणाला. "हितं पोचा हाय बगा. विहिरीच्या कडेवर आपटली व्हती."

"पोचा माझ्या मोटारीला व्हता," सिताराम म्हणाला. "तू निस्ता दोर धरला व्हता."

"वायरीला तांबडी पट्टी म्या गुंडाळलीय."

"गुंडाळली तू, पर मोटार माझी व्हती."

अडचण अशी होती की दोघंही खोटं बोलत नव्हते. आजवर दोन्ही मोटारी दोघांनी मिळून काढल्या होत्या, मिळून सोडल्या होत्या, मिळून दुरुस्त केल्या होत्या. कुठला पोचा कुणाच्या मोटारीचा, हे त्यांचं त्यांनाच आता सांगता येत नव्हतं. पण ते कबूल कोण करणार? ठाण्यातले जमादार कंटाळून म्हणाले, "आधी तुमचं तुम्ही ठरवा, मग दोघं मिळून सही करा आणि घेऊन जा."

येताना सिताराम मोटारसायकलवर बसला नाही. एसटीनं आला. दुसऱ्या दिवशी पारावर भुजंग म्हणाला, "सितारामराव काय म्हनत्यात इचारा." आणि सितारामनं उत्तर धाडलं, "भुजंगरावांना म्हनावं, तुमची इज्जत तुमच्यापाशी, माझी माझ्यापाशी." जी माणसं जन्मात अरेतुरेवरून हलली नव्हती, ती एकमेकांना राव म्हणायला लागली, तेव्हाच गावानं ओळखलं की प्रकरण लय पुढं गेलंय.

पार्वतीबाईचं शेडात येणं बंद झालं. अंबिका भुजंगच्या भावकीतली. तिच्या दारात जायचं म्हणजे नवऱ्याशी भांडण. दुपारी अंबिका नोझलच्या रांगा लावायची, पेडल दाबायची, आणि समोरच्या रिकाम्या पाटाकडं बघायची. एकदा बाजारच्या दिवशी मेथीच्या ढिगापाशी दोघी समोरासमोर आल्या. पार्वतीबाईनं इकडंतिकडं पाहिलं आणि तिचा हात घट्ट धरला.

"हळद वाळायलीय गं. अन् मानूस घरात धड बोलंना. जेवताना तोंडात घास ठिवतो आन् तसाच बसतो. भुजंगभावजींचं काय हाय?"

"त्यांचं बी तेच हाय काकू. आमच्या काकी म्हनत व्हत्या, रातभर कूस बदलत्यात."

अंबिका तिथून तडक भुजंगच्या रानात गेली. "काका, मोटार सोडवून आना. दोघं मिळून सही करा आन् माझ्या शेडात आना. रंगाखाली कुठं नंबर उरला असंल तर म्या बगते."

"तू तुझं मशीन चालव," भुजंग म्हणाला. पण थोडं थांबून त्यानं विचारलं, "खरंच उरला असंल का?"

मग ती सितारामला भेटली. त्यानं तर भलतंच विचारलं. "तुझ्या मशीनला कळतंय का गं, मोटार कुनाची हाय ते?"

"न्हाई तात्या. माझं मशीन लिवतंय. वाचत न्हाई."

तिचं ते सरळ उत्तर सितारामला आवडलं असावं. तोही तयार झाला. दोघं वेगवेगळे ठाण्यात गेले, एका कागदावर सही करून वेगवेगळे परत आले. मोटार योगीराजनं टेम्पोतून आणली.

शेडात मोटार ठेवायला जागा लागली. योगीराजनं पूर्वी पाइप फिरवायला दोन रुळांचा एक घोडा वेल्डिंग करून ठेवला होता, त्यावर ती आडवी ठेवली. भुजंग दाराच्या एका बाजूला बसला, सिताराम दुसऱ्या. मधे कमलबाई. अंबिकानं डोळ्यांवर चष्मा चढवला आणि मशीनचं तेज अगदी मंद करून काळा रंग उडवायला सुरुवात केली. रंगाची धूळ पंख्यातून बाहेर जाऊ लागली. हाताच्या पंजाएवढी जागा स्वच्छ झाली, मग आणखी तेवढी. स्टील उघडं पडत होतं. जिथं नंबर असायला हवा तिथं कानशीचे ओरखडे. भिंग लावून पाहिलं, उजेड तिरपा पाडून पाहिला. एक रेघसुद्धा उरली नव्हती.

कमलबाई आत आल्या. बाहेर ऐकू जाणार नाही असं पुटपुटल्या, "काई दिसंना?"

अंबिकानं मान हलवली.

"मग कुनाचा तरी एकाचा नंबर दिसला म्हन आन् मोकळी व्हय. दोघांच्याबी पावत्या हायत. त्यातला एक आकडा टाक अर्धामुर्धा. कोन बगतंय? भांडन तर मिटंल."

अंबिका पेडलवर पाय ठेवून उभी राहिली. काम अगदी सोपं होतं. दोन आकडे, त्यावर थोडे ओरखडे, आणि मोटार ज्याची त्याची होऊन गेली असती. कुणाला काही कळलं नसतं. तिला हेही ठाऊक होतं की ज्याला मोटार मिळाली नाही, तो त्या आकड्यावर विश्वास ठेवून गप्प बसला असता. पण मग तो जन्मभर स्वतःला खोटा समजत राहिला असता. तिनं पाय काढून घेतला.

"न्हाई आत्या. जे न्हाई ते म्या कसं लिवू?"

कमलबाईंनी तिच्याकडं पाहिलं. मग तिच्या खांद्यावरची रंगाची धूळ पदरानं झटकली.

अंबिका बाहेर आली. "काका, तात्या, काईच न्हाई. समदं घासून नेलंय. कुनाची हाय ते आता कुनीच सांगू शकत न्हाई."

दोघंही उठून आत आले आणि मोटारीपाशी उभे राहिले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा दोघांच्यात एवढं कमी अंतर होतं. रंग उडाल्यावर पोचा ठळक दिसत होता. भुजंगनं त्यावरून बोट फिरवलं.

"कवा पडला व्हता हा?" तो कुणाला उद्देशून नाही असं म्हणाला.

"उन्हाळ्यात. दोर तुटला व्हता," सिताराम तसंच भिंतीकडं बघत म्हणाला. "तू खाली उतरलास आन् इरीतनं वरडत व्हतास, सित्या, साप हाय."

"साप न्हवता."

"दोराचा तुकडा व्हता."

कमलबाईंना आधी हसू आलं. मग योगीराजला. भुजंगनं हसू दाबलं, पण खांदे हलले. सितारामनं टोपी काढून तोंड पुसलं, आणि बराच वेळ पुसत राहिला.

"सित्या," भुजंग म्हणाला, "मला खरंच ठावं न्हाई रं, कुनाची हाय ती."

"मला तरी कुठं ठावं हाय."

मग जे ठरायला महिना लागला होता ते चहा येईपर्यंत ठरलं. भुजंगच्या विहिरीला पाणी जास्त, मोटार तिथं सोडायची. सितारामच्या रानापर्यंत पाइप टाकायचा. पूर्वी बैलांची सावड होती तशी आता पाण्याची. आणि पुन्हा चोरी झाली तर सापडावी म्हणून अंबिकानं तिच्यावर दोघांची नावं खोल कोरायची.

अंबिका आनंदानं कॉम्प्युटरपाशी बसली. "सांगा, काय लिवू?"

"लिव, सिताराम भुजंग," सिताराम म्हणाला. "म्या वयानं मोठा हाय."

"आठ दिसांनी मोठा! भुजंग सिताराम लिव. इहीर माझी हाय."

"म्हंजी मोटार बी तुझीच झाली का मग?"

"तसं कवा म्हनलं म्या?"

"मनात हाय की तुझ्या!"

योगीराजनं कपाळाला हात लावला. कमलबाई म्हणाल्या, "घ्या! आता नावासाठी अजून महिना." दोघांचे आवाज चढले, पार्वतीबाई गाडीवाटेवरून पळत आली आणि दारातच थबकली.

अंबिका मात्र त्यांच्याकडं बघत नव्हती. ती रुळांवरच्या मोटारीकडं बघत होती. स्टीलची ती गोल नळी पाहून तिला चाकणची बेअरिंगची कडी आठवली. नव्या पोरी तिला विचारायच्या, ताई, कड्यावर अक्षरं सुरू कुठून करायची? आणि ती सांगायची, गोलाला सुरुवात नसते, कुठूनही कर, शेवटी जुळलं म्हणजे झालं.

"दोघं बी गप ऱ्हावा," ती म्हणाली. भुजंगच्या भावकीत कुणा सुनेनं मोठ्या माणसांना असं सांगितलं नव्हतं. दोघं खरोखर गप्प झाले. "म्या सरळ लिवत न्हाई. गोल लिवते. मोटारीच्या भोवतीनं. भुजंग, सिताराम, भुजंग, सिताराम. जिथनं वाचाल तिथनं सुरू. ज्याला आपलं नाव आधी पायजे त्यानं तिकडून बगावं."

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. भुजंगनं हातानं हवेत एक गोल काढून पाहिला. सितारामनं तोच गोल उलट्या बाजूनं काढला. काही चूक सापडेना.

"आन् आमच्या दोघांत सारखी जागा सोडशील?" सितारामनं खात्री करून घेतली.

"मापून सोडते तात्या."

तिनं अक्षरांचं चित्र तयार केलं. 'सिताराम'ची वेलांटी नीट आपल्या जागी आहे ना, ते पुन्हा तपासलं. मोटारीचा घेर मापला, नावं त्यात बसवली. रूळ हळूहळू फिरू लागले, मोटार त्यांच्यावर फिरू लागली, आणि वर ठिणग्यांची रेघ सुरू झाली. नुसतं वरवर नाही, खोल कोरायचं होतं, म्हणून मोटार त्याच फेऱ्या पुन्हा पुन्हा घेत राहिली. अंबिकानं दोघांना चष्मे दिले होते. ते चष्मे घालून दोन म्हातारी माणसं खाली वाकून आपलं नाव येतंय का बघत होती. भुजंगचं नाव आलं की सिताराम म्हणे, "आता माझं." सितारामचं आलं की भुजंग मान डोलवी.

मशीन थांबलं. अंबिकानं फडक्यानं मोटार पुसली आणि हातानं एक फेरी फिरवून दाखवली. कोरलेली अक्षरं बोटाला लागत होती. पहिलं अक्षर आणि शेवटचं अक्षर यांच्यातली जागा इतर ठिकाणाइतकीच होती. ते बघून तिचा जीव भांड्यात पडला. तेवढंच एक तिला चुकायची भीती होती.

त्याच दिवशी दुपारनंतर मोटार विहिरीत सोडली. दोर दोघांनी धरला. सितारामच्या रानात पाइपाच्या तोंडातून आधी हवा फुसफुसली, मग गढूळ पाणी आलं, मग स्वच्छ. पार्वतीबाई हळदीच्या सरीत अनवाणी उभी होती. पाणी पायापर्यंत आलं तरी ती हलली नाही.

दुसरी मोटार काही सापडली नाही. चोऱ्याही एकदम थांबल्या असं नाही. पण त्या गोल नावाची गोष्ट बाजाराच्या दिवशी गावोगाव गेली. लोक मोटारी, स्टार्टर, स्प्रिंकलरच्या पितळी तोट्या घेऊन येऊ लागले. ज्यांना मोटार काढून आणणं जमत नसे त्यांच्या रानात योगीराज मशीन टेम्पोत घालून नेऊ लागला. वीज नीट नसेल तिथं जनरेटर लावायचा. अंबिका बाभळीखाली फळी टाकून काम करायची. वाटणी होऊनही विहीर एकत्र राहिलेले भाऊ हळूच येऊन विचारायचे, "ताई, आमचं बी गोल करून देता का?" ती देत असे. एका ठिकाणी तिघं भाऊ होते. तिथं घेर कमी पडत होता, म्हणून अक्षरं बारीक करावी लागली आणि धाकट्यानं तक्रार केली की आपलं नाव दिसत नाही. त्याच्यासाठी तिनं पुन्हा सगळं नव्यानं मांडलं.

कमलबाई आता कुणी मशीनबद्दल विचारलं की पाटावर ऐसपैस बसून सगळी हकिकत सांगतात. फक्त शेडात आपण काय पुटपुटलो होतो, तेवढं गाळतात. अंबिकानंही ते कुणाला सांगितलं नाही.

पार्वतीबाई पुन्हा दुपारची येऊ लागली. शेंगा तशाच, गप्पा तशाच. परवा नोझलची मोठी खेप आली होती, अंबिकाला मान वर करायला वेळ नव्हता. पार्वतीबाईनं न विचारता खुंटीवरचा चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, पाट मशीनजवळ ओढला आणि ठिणग्यांकडं बघत बसली.

"काय बगायलाव काकू एवढं?"

"काई न्हाई गं. बरं वाटतंय," पार्वतीबाई म्हणाली. "तू कर तुझं. म्या शेंगा हितंच फोडते."

अंबिकानं पुढचा नोझल चौकटीत ठेवला आणि पेडल दाबलं.